कोचच्या खिशात नसलेली किल्ली

साउथ कॅरोलिनातल्या वुड्रफ नावाच्या लहानशा गावातून टोनी राइस हा मुलगा १९८६ मध्ये इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठात आला. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची सगळी सूत्रं हलवणारा गडी. पण पहिलं अख्खं वर्ष त्याला सामन्यात उतरता आलं नाही, संघाबरोबर सरावही करता आला नाही. आड आले एसएटी या कॉलेज-प्रवेशपरीक्षेतले मार्क. त्याच वर्षी लागू झालेल्या नियमानुसार १६०० पैकी किमान ७०० लागत, आणि राइस तेवढे मिळवू शकला नव्हता. पुढे २ जानेवारी १९८९ रोजी याच राइसच्या हाताखाली नोटर डेमनं फिएस्टा बोलमध्ये वेस्ट व्हर्जिनियाला ३४–२१ असं हरवलं आणि राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं.

त्याच्या तीनेक आठवडे आधी, डिसेंबर १९८८ मध्ये, इकडे वानखेडेवर पंधरा वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिला रणजी सामना खेळला आणि शतक ठोकून बाहेर आला. त्याची मार्कलिस्ट कोणी मागितली नाही. मागायचं कारणच नव्हतं. आपल्याकडे क्रिकेटची शिडी क्लब, जिल्हा, राज्य अशी चढत जाते. कॉलेज त्या शिडीत आलं तर आलं.

अमेरिकेत बेसबॉलचंही बरंचसं असंच आहे, व्यावसायिक क्लब शाळेतल्या मुलाला थेट उचलतात. फुटबॉलचं तसं नाही. (इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट-पॅड घालून, लांबट चेंडू हातात धरून खेळतात तो. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात.) एनएफएल ही व्यावसायिक लीग शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय मुलाला दारात उभं करत नाही. मधली वर्षं काढायची कुठे? कॉलेजात. म्हणजे ज्याला आयुष्यात फक्त चेंडू फेकायचा आहे, त्यालाही बीजगणिताचा पेपर सोडवावाच लागतो. प्रवेशाचे निकष आणि खेळाडूंची भरती यांची जी ओढाताण आहे ती इथून सुरू होते.

ही भरती, तिकडच्या भाषेत रिक्रूटिंग, हा स्वतंत्र उद्योगच आहे. कोच देशभर शाळांचे सामने बघत फिरतात, नववी-दहावीतल्या पोरांना स्कॉलरशिपची ऑफर देतात, घरी जाऊन आईवडिलांसमोर बसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कोचनं बोट दाखवलं की मुलगा आत. प्रत्यक्षात कोच फक्त बोट दाखवू शकतो. दाराची किल्ली त्याच्या खिशात नसते.

दारं दोन आहेत आणि लोक ती नेहमी एकात एक मिसळतात. पहिलं दार एनसीएएचं. ही देशभरातल्या कॉलेज-खेळांवर देखरेख ठेवणारी संस्था. तिचा नियम सगळ्यांना सारखा: वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये खेळायचं तर हायस्कूलच्या चार वर्षांत ठरावीक १६ विषय पूर्ण झालेले हवेत. चार वर्षांचं इंग्रजी, तीन वर्षांचं गणित, दोन वर्षांचं विज्ञान वगैरे. त्यांतले १० शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच उरकायला हवेत. या विषयांची सरासरी, म्हणजे जीपीए, ४ पैकी किमान २.३. सरासरी २.० ते २.३ च्या मध्ये लटकली तर स्कॉलरशिप मिळते, सराव करता येतो, पण पहिल्या वर्षी सामना नाही. आपल्या एटीकेटीचीच ही मावसबहीण.

‘१० विषय आधीच’ हे कलम बारीक वाटतं, पण खोच त्यातच आहे. पूर्वी काही मुलं शेवटच्या वर्षात किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत झटपट कोर्स करून सरासरी फुगवत. मायकल ओहर या पुढे एनएफएलमध्ये गाजलेल्या खेळाडूचं उदाहरण प्रसिद्ध आहे: मिसिसिपी विद्यापीठात जाण्याआधी त्यानं ब्रिगम यंग विद्यापीठाचे दूरशिक्षणाचे छोटे कोर्स करून जुने वाईट ग्रेड भरून काढले. त्यात त्यानं नियम मोडला नव्हता. पुढे २०१० मध्ये एनसीएएनं ते कोर्स मान्य करणं थांबवलं. दुरुस्त्या बहुतेक अशाच झाल्या आहेत, पळवाट सापडली की बुजवायची, की लोक दुसरी शोधणार.

या पहिल्या दाराची उंची मात्र काळानुसार बरीच वरखाली झाली आहे. १९७३ पासून नियम अगदी ढिला होता: हायस्कूलची कुठल्याही विषयांची सरासरी २.० असली की झालं. सुतारकाम आणि स्वयंपाक धरूनही. परिणाम काय झाला तो जॉर्जिया विद्यापीठात उघडा पडला. तिथे जॅन केम्प या शिक्षिकेनं तक्रार केली की पूरक वर्गात नापास होणाऱ्या फुटबॉलपटूंना मोठ्या सामन्याआधी परस्पर पुढे ढकललं गेलं. तिला नोकरीवरून काढलं. ती कोर्टात गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. ज्यूरीनं २५ लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली, ती नंतर कमी झाली. त्या खटल्यात विद्यापीठाच्याच वकिलानं केलेला युक्तिवाद आजही अंगावर येतो: या मुलाला आम्ही विद्यार्थी बनवू शकणार नाही कदाचित, पण लिहा-वाचायला शिकवलं तर कचरा उचलण्याऐवजी पोस्टात तरी काम करील. हे विद्यापीठाच्या बचावासाठी बोललेलं वाक्य आहे, हे विसरू नये. तीन वर्षांनी डेक्स्टर मॅनली हा एनएफएलचा तगडा खेळाडू सिनेटच्या समितीसमोर रडत सांगून गेला की ओक्लाहोमा स्टेटमध्ये चार वर्षं काढूनही आपल्याला धड वाचता येत नव्हतं.

तर अशा वातावरणात १९८३ मध्ये ‘प्रपोझिशन ४८’ हा एनसीएएचा नियम मंजूर झाला आणि १९८६ पासून लागू झाला. ११ मूळ विषयांत २.० सरासरी, आणि एसएटीत ७००. राइस अडकला तो याच्यात. त्याच्यासारख्यांना निदान स्कॉलरशिप तरी मिळत होती. जानेवारी १९८९ मध्ये, राइसनं विजेतेपद मिळवलं त्याच महिन्यात, एनसीएएनं प्रपोझिशन ४२ आणून ती स्कॉलरशिपही काढून घ्यायचं ठरवलं. जॉर्जटाउनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन सामना सुरू होताना मैदानातून सरळ चालते झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: पैसेवाल्याच्या मुलाला एसएटीची शिकवणी मिळते, गरीब वस्तीतल्या काळ्या मुलाला नाही, मग ही परीक्षा नेमकं काय मोजते? पुढच्याच वर्षी तो नियम सौम्य केला गेला. पण वाद संपला नाही. फिलाडेल्फियातल्या काही कृष्णवर्णीय खेळाडूंनी किमान मार्कांच्या अटीविरुद्ध खटला भरला, १९९९ च्या मार्चमध्ये जिंकलाही, आणि त्याच डिसेंबरात वरच्या कोर्टात हरले. तिथे मुद्दा परीक्षा न्याय्य की अन्याय्य हा राहिलाच नाही. एनसीएएला तो भेदभावविरोधी कायदा लागूच होत नाही, असं कोर्टानं म्हटलं. २००३ पासून एसएटीचा किमान आकडा गेला, सरासरी चांगली असेल तर परीक्षेतले कमी मार्क चालू लागले. आणि २०२३ च्या जानेवारीत एनसीएएनं प्रवेशपरीक्षेची अटच काढून टाकली. चाळीस वर्षांचा घोळ एका ठरावात मिटला. मला विचाराल तर थॉम्पसन बरोबर होते, फक्त चौतीस वर्षं आधी बोलले.

आता दुसरं दार. हे प्रत्येक कॉलेजचं स्वतःचं, आणि खरी मजा इथे आहे. एनसीएए सांगते ‘हा मुलगा खेळू शकतो’. कॉलेजनं त्याला घ्यायचंच, असं ती सांगत नाही. मोठ्या सरकारी विद्यापीठांपैकी बऱ्याच ठिकाणी पहिलं दार ओलांडलं की दुसरं जवळजवळ उघडंच असतं. नेहमीच्या निकषात न बसणाऱ्या मुलांसाठी ‘विशेष प्रवेश’ ठेवलेले असतात. आपल्याकडच्या क्रीडा सवलतीच्या गुणांसारखं, पण तिथे गुण वाढवत नाहीत, उंबरठाच खाली करतात.

याचा हिशेब नंतर चुकवावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नियम अशा अपवादात्मक प्रवेशांना नव्या विद्यार्थ्यांच्या ६ टक्क्यांपर्यंत परवानगी देतो. याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या फुटबॉल संघाचं पदवी मिळवण्याचं प्रमाण २०१३ मध्ये ४४ टक्क्यांवर घसरल्याचं जाहीर झालं, आणि एवढ्या नावाजलेल्या विद्यापीठाची नाचक्की झाली. मग बर्कलीनं निकष आवळले, भरतीतल्या बहुतेक मुलांची हायस्कूल सरासरी ३.० हवी, असं धोरण आलं. आता कोचच्या जागी बसून बघा. काल ज्या मुलाला ऑफर देता येत होती त्याला आज देता येत नाही, आणि तोच मुलगा शनिवारी समोरच्या संघातून तुमच्या अंगावर धावत येणार आहे.

स्टॅनफर्डचं दार सगळ्यात जड. तिथे फुटबॉलपटूलाही पूर्ण अर्ज भरावा लागतो, निबंध लिहावे लागतात, कठीण विषय घेतलेले दाखवावे लागतात आणि निर्णय प्रवेश कार्यालयाचा. कोचची ऑफर म्हणजे ‘तिकडून हो आलं तर’ असं गृहीतच. दुसरं कॉलेज त्या मुलाला आजच जागा पक्की करून देत असताना स्टॅनफर्डचा कोच म्हणतो, जरा थांब. सतरा वर्षांचा मुलगा थांबतो का? काही थांबतात. रिचर्ड शर्मन हा कॉम्प्टनसारख्या खडतर वस्तीतला मुलगा शाळेत दुसरा आला होता, तो स्टॅनफर्डला गेला आणि पुढे एनएफएलचा मोठा बचावपटू झाला. अँड्र्यू लक वास्तुरचनेचा अभ्यास करत क्वार्टरबॅक होता.

म्हणजे जड दारामुळे संघ दुबळाच राहतो, असं नाही. कोच जिम हार्बॉ यांच्यानंतर आलेल्या डेव्हिड शॉ यांच्या काळात स्टॅनफर्डनं २०१३ आणि २०१६ चे रोझ बोल हे मानाचे सामने जिंकले. शॉ यांनी अडचणीलाच हत्यार केलं. आपल्याला चालणारी मुलं देशात मोजकी आहेत ना, मग ती देशभर शोधू; आणि जी मिळतील ती चार-पाच वर्षं टिकतील, कारण असली पदवी अर्धवट सोडून कोण जातं? चार वर्षं एकत्र मुरलेला संघ, थोराड झालेले अनुभवी गडी, डोकं लागणाऱ्या गुंतागुंतीच्या चाली. मार्कांच्या चाळणीतून संख्या कमी मिळते, पण जे मिळतं ते मुरायला वेळ मिळतो. हे गणित कसं बिघडलं ते पुढे येतंच.

आयव्ही लीगनं, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ जुन्या विद्यापीठांनी, वेगळीच तऱ्हा काढली. तिथे खेळाची स्कॉलरशिप नाहीच, आर्थिक मदत घरच्या परिस्थितीवर. आणि खेळाडूंच्या मार्कांसाठी ‘ॲकॅडेमिक इंडेक्स’ नावाचा आकडा: शाळेची सरासरी आणि परीक्षेतले मार्क मिसळून काढलेला. भरती केलेल्या खेळाडूंची सरासरी बाकीच्या विद्यार्थ्यांपेक्षा एका ठरावीक अंतराहून खाली जाता कामा नये, असा आठ जणांचा करार. फुटबॉलमध्ये तर मुलांचे मार्कांनुसार पट्टे पाडतात, आणि सगळ्यात खालच्या पट्ट्यातल्या जागा अगदी मोजक्या. याचा एक गमतीदार परिणाम झाला. एखादा उत्कृष्ट पण कमी मार्कांचा गडी घ्यायचा असेल तर सरासरी सावरायला कोच एखाद्या हुशार, पण बाकावरच बसणाऱ्या मुलालाही घेतो. तो मैदानावर येवो न येवो, त्याचे मार्क मात्र प्रत्येक सामना खेळतात.

तरीही, खेळाडूला या दारातून जाणं सोपं की अवघड? हार्वर्डविरुद्धच्या प्रवेशखटल्यात २०१८ मध्ये बाहेर आलेला आकडा बोलका आहे: कोचनं शिफारस केलेल्या अर्जदारांपैकी सुमारे ८६ टक्के आत गेले, एकूण अर्जदारांपैकी ६ टक्क्यांच्या आसपास. अर्थात हे ८६ टक्के आधी चाळून घेतलेले असतात. कोच मार्कलिस्ट आधीच प्रवेश कार्यालयाला दाखवून अंदाज घेतो, आणि जिथे नकार दिसतो तिथे अर्जच पडत नाही. पण हा बाजूचा दरवाजा किती मोलाचा आहे ते श्रीमंत पालकांनी बरोबर ओळखलं होतं. २०१९ चा ‘व्हार्सिटी ब्लूज’ घोटाळा हाच: नौकानयन, वॉटरपोलो, सॉकर अशा कमी गाजावाजाच्या खेळांत कोचना पैसे चारून, कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवलं गेलं. फुटबॉलमध्ये ही चलाखी कोणी सहसा करणार नाही. शंभर किलोचा गडी समोरून आला की सोंग तिथेच फुटतं.

सैनिकी अकादम्यांचं दार तर आणखी निराळं. आर्मी किंवा नेव्हीच्या संघात यायचं तर बहुधा लोकप्रतिनिधीचं नामांकन हवं, शारीरिक चाचणी हवी आणि पदवीनंतर पाच वर्षांच्या लष्करी सेवेची तयारी हवी. मार्क थोडे कमी पडले तर अकादमीच्या पूर्वतयारी शाळेत एक वर्ष काढायचं. वर्ष वाया जात नाही, मुलगा अंगानं भरतो आणि गणितानंही.

ज्यांना पहिलंही दार उघडत नाही त्यांच्यासाठी ज्युनियर कॉलेज असतं. मिसिसिपीतल्या स्कूबासारख्या आडगावातलं दोन वर्षांचं कॉलेज, तिथे पास होऊन दाखवायचं, मग मोठ्या विद्यापीठात. कान्सास आणि मिसिसिपीत हा मार्ग इतका रुळलेला आहे की बडे कोच दरवर्षी तिथे खेटे घालतात.

प्रवेशानंतरही पहारा सुटत नाही. प्रत्येक संघाचा ‘शैक्षणिक प्रगती दर’ मोजतात. खेळाडू पात्र राहिला त्याचा एक गुण, कॉलेजात टिकला त्याचा एक. १००० पैकी ९३० च्या खाली सरासरी गेली की स्पर्धाबंदीपर्यंत शिक्षा. हेतू चांगला. पण यातून विद्यापीठांना एक वाईट मोह पडला: दुबळ्या विद्यार्थ्याला शिकवण्यापेक्षा सोपा कोर्स शोधून देणं स्वस्त पडतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १८ वर्षं असे कागदी वर्ग चालले, वर्ग भरायचा नाही, एक निबंध दिला की बहुधा चांगला ग्रेड. २०१४ च्या चौकशीत ३,१०० विद्यार्थी त्यात निघाले, जवळपास निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएनं विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण काय, तर हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते. फसवणूक सार्वजनिक असली की ती सवलत ठरते, हे तर्कशास्त्र आपल्याला नवं नाही.

हे सगळं जग २०२१ पासून पालटलं. त्या वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावायची मुभा मिळाली आणि एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायचीही. २०२४ मध्ये कितीही वेळा बदला, फक्त पास राहा, असं झालं. २०२५ पासून तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आता कोच हायस्कूलच्या पोराला चार वर्षं घडवत बसण्यापेक्षा दुसरीकडे तयार झालेला गडी बदलीच्या यादीतून, म्हणजे ट्रान्सफर पोर्टलमधून, उचलतात.

आणि इथे मार्कांचा अडसर जुन्या जागेवरून हलून नव्या जागी बसला. बदली मागणाऱ्याच्या एसएटीशी कोणाला देणंघेणं नाही. प्रश्न आहे क्रेडिटचा. एनसीएएच्या नियमानुसार तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यास झालेला हवा, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. एका कॉलेजात दोन वर्षं शिकलेला मुलगा नव्या कॉलेजात गेला आणि त्यांनी त्याचे निम्मेच विषय मान्य केले, तर तो कागदावर नापास न होताही अपात्र ठरतो. जी विद्यापीठं बाहेरचे विषय सहज मान्य करतात त्यांना अख्खा बाजार खुला. जी नाक मुरडतात त्यांच्या कोचला खिडकीतून बघत बसावं लागतं. स्टॅनफर्ड पदवीच्या मधल्या टप्प्यावर बाहेरून फारच थोडे विद्यार्थी घेतं. म्हणजे तिथले मुरलेले गडी बाहेर जाऊ शकतात, बाहेरचे आत येणं मुश्कील. वर सांगितलेलं शॉ यांचं गणित इथे कोसळलं. इतर कारणंही होतीच, पण २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं स्टॅनफर्डचा हिशेब एकच राहिला, ३ विजय, ९ पराभव. २०२४ च्या अखेरीस अँड्र्यू लकला परत बोलावून संघाचा जनरल मॅनेजर केलं गेलं.

या अडसरातून जाण्याची एक सरळ वाटही आहे: पदवी लवकर पूर्ण करायची. पदवीधराला पुढच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळतो, तिथे जुन्या क्रेडिटची भानगडच नाही. फर्नांडो मेंडोझा हा मायामीचा मुलगा मुळात येलला जाणार होता, कारण मोठ्या संघांनी त्याला विचारलंच नव्हतं. ऐनवेळी बर्कलीकडून ऑफर आली. तिथे त्यानं बिझनेसची पदवी तीन वर्षांत संपवली आणि इंडियाना विद्यापीठात गेला. २०२५ चा हाइजमन पुरस्कार, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, त्याला मिळाला.

त्या पुरस्कारात दुसरा आलेला डिएगो पाविया मात्र अगदी उलट्या टोकाकडून आला. शाळेनंतर त्याला कुठल्याही बड्या विद्यापीठानं विचारलं नाही. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलच्या सैनिकी ज्युनियर कॉलेजात तो खेळला, तिथून न्यू मेक्सिको स्टेट, आणि मग पोर्टलमधून थेट नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टमध्ये. व्हँडरबिल्ट हे दक्षिणेतल्या बलाढ्य एसईसी लीगमधलं एकमेव खासगी विद्यापीठ, अभ्यासासाठी नावाजलेलं आणि फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तळाला. ‘आमचे प्रवेशाचे निकष कडक आहेत’ हे तिथलं ठरलेलं कारण. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पावियाच्या संघानं देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला ४०–३५ असं हरवलं, आणि विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उपटून गावातून मिरवत नेऊन कंबरलँड नदीत टाकला.